मेनिप्पेच्या दारावरचं तोरण

द्राक्षं तुडवून झाली, उतरत्या चंद्राची सातवी

मिर्टोकडून स्त्रातोनला, अलेक्झांड्रियात.

तू खुशाल आहेस असं धरून चालते. दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही. तुझी आई मात्र निश्चिंत असते. म्हणते, "लिहीत नाही म्हणजे रागात आहे, आणि रागात आहे म्हणजे धडधाकट आहे." तेव्हा राग असाच राहू दे, तब्येतीला मानवतोय असं दिसतं.

पपायरस महाग आहे, म्हणून गोल गोल फिरत नाही. दामोन परत आला आहे. माझा भाऊ दामोन, ज्याच्या जहाजावर तुझा भाऊ थेरॉन गेला होता, ज्याला तू भर धक्क्यावर शिव्याशाप दिलेस आणि आपलं ठरलेलं लग्न मोडून मिसरात निघून गेलास, तोच. जिवंत आहे. थेरॉन त्याच्याबरोबर नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या ओळींत तू त्याला शोधत बसणार नाहीस.

काल एक फिनिशियन जहाज तेलाच्या हंड्या उतरवायला थांबलं, आणि हंड्यांच्या मागोमाग तो उतरला. दाढी छातीपर्यंत, डावा खांदा वाकडा. बित्तोकाकू धक्क्यावर मासे वाळत घालत होती. तिनं हातातली पाटी टाकली आणि म्हणाली, "बायांनो, याचे तर आपण दिवस घातलेत."

घातलेच होते. मीच घातले. केस कापले, रिकाम्या खड्ड्यावर दूध-मध ओतलं, त्याचं नाव घेऊन तीन हाका मारल्या. वेशीबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा आहे. दिवस घातलेला माणूस परत आला तर त्याला घरात घेत नाहीत, देवळात घेत नाहीत, कुणी त्याला शिवत नाही, आपल्या चुलीतला विस्तव देत नाही, हे तुला मी सांगायला नको. आपल्या बेटावर असं आजवर कधी झालंच नव्हतं, त्यामुळे नियम पाठ होता आणि माणूस समोर नव्हता. आता माणूस समोर आहे.

तो मला म्हणाला, "मिर्टे, पाणी दे गं." मी तांब्या दगडावर ठेवला आणि मागे सरले. सख्ख्या भावापासून मागे सरले. तो रागावला नाही. तांब्या उचलण्याआधी त्यानं माझ्या पायांकडे बघितलं, मी आणखी किती मागे जाते ते.

तुझी आई धक्क्यावर आली होती. जहाजावरचा शेवटचा खलाशी उतरेपर्यंत उभी राहिली. मग घरी गेली. दामोनशी एक अक्षर बोलली नाही, आणि त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

जहाज शीड उभारतंय. या वर्षातलं हे शेवटचंच.

जप.

समुद्र बंद झाला, वाढत्या चंद्राची तिसरी

मिर्टोकडून स्त्रातोनला.

हे पत्र वसंतापर्यंत माझ्या पेटीतच पडून राहणार. तरी लिहिते, कारण इथं काकाच्या घरात दामोनचं नाव काढलं की काकू पोरांना आत ओढते.

तो वाळूवर आहे, पडक्या नौकाशाळेत. तिथं वारा तिन्ही बाजूंनी येतो आणि चौथ्या बाजूनं समुद्र. दिवसातून एकदा मी भाकर आणि खारवलेले मासे दगडावर ठेवते. विस्तव देता येत नाही, तेव्हा तो गार खातो. खोकला लागला आहे. लांबूनच आम्ही बोलतो. जहाज फुटल्यावर तो लिबियाच्या किनाऱ्याला लागला, तिथल्या मिठागराच्या मालकानं त्याला कामाला जुंपला, आणि मालक मेल्यावर त्याच्या बायकोनं सोडून दिला. थेरॉनबद्दल मी विचारलं नाही. विचारायचा पहिला हक्क माझा नाही.

परवा गावसभा झाली. मी अर्थातच सभेत नव्हते, मी भिंतीबाहेर बायकांत होते, जिथं सगळं जास्त चांगलं ऐकू येतं. पोसायडनचा म्हातारा पुजारी म्हणाला, "देवाचा उत्सव हिवाळ्याच्या मध्यावर. त्या दिवशी मेलेला माणूस बंदरात असता कामा नये. नाहीतर वसंतात आपली जहाजं परत यायची नाहीत."

कुणीतरी म्हणालं, "मग तो जिवंत कसा होईल ते सांगा."

"जसे सगळे होतात तसाच. जन्माला येऊन."

लोक हसले. पुजारी हसला नाही. त्यानं लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं ते सांगितलं. जिनं मुलगा जन्माला घातलाय अशा बाईनं त्याला आपल्या वस्त्राखालून काढायचं, बाळाला घालतात तसं न्हाऊ घालायचं, बाळंत्यात गुंडाळायचं, छातीशी धरायचं. पुढचं सगळं तान्ह्या बाळाचं असतं तसं. मग तो मेलेला राहत नाही.

"आणि नाही जन्मला तर?"

"तर समोर शेळ्यांचा खडक आहे."

त्या खडकावर उन्हाळ्यातसुद्धा शेळ्या टिकत नाहीत. तिथं पाणी नाही. हिवाळ्यात खोकणारा माणूस तिथं किती टिकेल हे सभेतल्या प्रत्येकाला कळत होतं.

आमची आई असती तर तिनं एवढं ऐकूनसुद्धा घेतलं नसतं. पण ती नाही. मी कुणाची आई नाही, ते कसं ते तुला माहीत आहे. मी दारोदार फिरले. काकूनं दार लावलं. दामोनच्या मित्राची बायको रडली आणि मग तिनंही लावलं. बित्तोकाकूनं मला आत बसवलं, अंजीर दिले आणि म्हणाली, "पोरी, मला पाच मुलगे आहेत. जी बाई मेलेल्याला आपल्यातून जन्म देते, तिच्या जिवंतातला एक मरण मागून घेतं. माझी आजी सांगायची. खोटं असेल. पण पाचातला कुठला लावू पणाला, तू सांग." अंजीर खाल्ले आणि आले.

तुझ्या आईच्या दारात मी गेले नाही. एवढी लाज शिल्लक आहे.

त्याच महिन्यात, पौर्णिमेच्या आधी

स्त्रातोन,

आज सकाळी मेनिप्पेमावशी आपण होऊन आमच्याकडे आली. तुझी आई. (लिहिताना अजून 'सासूबाई' येतं हाताला, ते चालू दे.) मी जाळं दुरुस्त करत होते. तिनं दुसरं टोक घेतलं आणि तीही गाठी मारायला लागली.

आठ-दहा गाठी झाल्यावर म्हणाली, "खोकतो फार."

मी म्हटलं, "हो."

"रात्री आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. वारा त्या बाजूचा असला की." मग म्हणाली, "माझ्याकडे का आली नाहीस?"

"कुठल्या तोंडानं येऊ, मावशी?"

"हे आहे तेच आण. दुसरं कुठून आणणार."

मी रडले. तिनं मला रडू दिलं आणि गाठी मारत राहिली. मग मी तुझं नाव काढलं. काढणं भाग होतं. म्हटलं, "बित्तोकाकू म्हणते की जिवंतातला एक जातो. तुझा स्त्रातोन आहे."

तिचे हात थांबले. तुला खोटं सांगणार नाही, ती घाबरली. "समुद्र उघडा असता तर त्याला विचारलं असतं," ती म्हणाली. "उघडा नाही. तो उघडेपर्यंत हा राहणार नाही. तेव्हा स्त्रातोनच्या वतीनंसुद्धा मलाच ठरवायचंय." तिनं एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "देव असे मोजून मापून घेत असतील, एक दिला की एक काढला, तर ते देव नव्हेत, वाणी झाले. मी वाण्याला नवस केलेला नाही."

"मावशी, थेरॉन कसा गेला ते आधी विचार त्याला. तुझा हक्क आहे. ऐकून मग ठरव."

"आधी विचारलं आणि ऐकून हात मागे घेतला तर?" ती म्हणाली. "थंडी काय उत्तर ऐकून कमी होते?"

ती गेल्यावर मी जाळं बघितलं. तिच्या बाजूच्या सगळ्या गाठी उलट्या पडल्या होत्या. चाळीस वर्षं जाळी विणणाऱ्या बाईच्या. म्हणून सांगते, तिनं हे सहज केलं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

ऑलिव्ह झोडपायचे दिवस, उतरता चंद्र

मिर्टोकडून स्त्रातोनला.

झालं. आज झालं, आणि मी ते बघितलं. मला नीट लिहिता येईल का माहीत नाही. बापानं अक्षरं शिकवली, यासाठी लागणारं काही शिकवलं नाही.

सकाळी ऊन चढल्यावर ती घरातून निघाली. एका हातात निखाऱ्यांचं मडकं, डोक्यावर कणीक मळायची मोठी काठवट, खांद्यावर गाठोडं. सगळ्या गावासमोरून ती आपल्या चुलीतला विस्तव घेऊन वाळूवर गेली. पुरुष धक्क्यावर थांबले, आम्ही बायका खडकापाशी. नौकाशाळेच्या दारात तिनं आग पेटवली. दामोन दोन महिन्यांनी आगीजवळ बसला. त्यानं हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले, जशी काही ती आग त्याला शिवली तर विटाळेल.

"शेक," ती म्हणाली. "त्यासाठीच आणलीय."

त्यानं तोंड उघडलं. "मावशी, थेरॉन..."

तिनं त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. सख्ख्या बहिणीनं ज्याला शिवलं नाही त्याच्या तोंडावर. म्हणाली, "तू अजून जन्मायचा आहेस. पोटातली पोरं बोलत नाहीत."

मग तिनं आपलं मोठं लोकरी वस्त्र सैल केलं आणि पाय फाकवून उभी राहिली. तो मागून वाकून, गुडघ्यांवर रांगत त्याच्या घोळात शिरला. मध्येच अडकला. त्याचा वाकडा खांदा वस्त्रात गुंतला आणि दोघंही वाळूवर पडता पडता राहिली. बित्तोकाकूला राहवलं नाही. ती खडकावरून ओरडली, "अगं मेनिप्पे, एवढ्या मोठ्या बाळाच्या कळा सोसल्यास, ओरड तरी थोडी!" आणि सगळ्या बायका हसल्या. मी हसले. तुझी आई तर इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. त्या हसण्यातच तो पुढून बाहेर आला, वाळूवर, दाढीत शेवाळ अडकलेलं.

त्यानंतर कुणी हसलं नाही.

काठवटीत त्याचे पाय तेवढे मावले. तिनं त्याला त्यात उभं केलं आणि ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून, पाठीवरच्या मिठागरातल्या जखमांवरून. माझ्या भावाच्या पाठीवर काय काय आहे ते मला पहिल्यांदा दिसलं. मग तिनं गाठोडं सोडलं.

स्त्रातोन, त्यात थेरॉनचं कफन होतं. तू गेल्यावर त्या पहिल्या हिवाळ्यात ती विणत होती ते. देह मिळाला की गुंडाळायचं म्हणून. समुद्रानं देह दिला नाही आणि ते तसंच घडी घालून राहिलं होतं. तिनं दातांनी कड तोडली आणि ते फाडलं. उभ्या पट्ट्या. बाळाला गुंडाळायला पट्ट्याच लागतात. एवढ्या बारीक विणीचं कापड फाटताना मोठा आवाज होतो, तो धक्क्यावरच्या पुरुषांपर्यंत गेला असणार, कारण त्यांनी माना खाली घातल्या. तिनं त्या पट्ट्यांनी त्याला खांद्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलं.

मग ती वाळूवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि छातीवरची पिन काढली. साठी उलटलेल्या बाईची छाती, तिथं काय असणार. मी मान फिरवणार होते. नाही फिरवली. तिनं त्याला छातीशी धरलं, आणि आजूबाजूला कुणी नसावं तशी ती समुद्राकडे बघत राहिली. तुम्ही दोघं जिथं प्यायलात तिथंच.

तो रडायला लागला. आधी खोकल्यासारखा, मग मोठ्यानं. कुणीतरी म्हणालं, त्याला गप्प करा. ती म्हणाली, "रडू दे. रडला नसता तर काळजी होती."

मी गुडघे टेकले होते. कधी टेकले ते कळलं नाही. इकडे तिकडे पाहिलं तर बित्तोकाकूनंही टेकले होते, आणि काकूनं, आणि पुजाऱ्यानं डोक्यावरून वस्त्र घेतलं होतं, देवळात घेतात तसं. देवाच्या मूर्तीपुढे मी शंभर वेळा उभी राहिले असेन. असं काही मला तिथं कधीच झालं नाही. मला भीती वाटली आणि ती भीती संपू नये असं वाटलं.

संध्याकाळी तिच्या दारावर ऑलिव्हचं तोरण लागलं. मुलगा झाला म्हणून. दोन वर्षं त्याच खिळ्याला सुतकाची सुरूची फांदी होती.

उत्सव पार पडला, वाढता चंद्र

मिर्टोकडून स्त्रातोनला.

दामोन तुझ्या घरात राहतो आहे, तुझ्या जुन्या बिछान्यावर. चिडायचं असेल तर चीड. खोकला उतरला आहे. पहिले दिवस तिनं त्याला बोलू दिलं नाही, फडक्याच्या बोळ्यानं शेळीचं दूध आणि मध पाजलं. पाचव्या दिवशी बाळाला चुलीभोवती फिरवतात. याला कोण उचलणार? तोच गुडघ्यांवर रांगत फिरला, आणि ती पुढे पुढे उलटी चालत म्हणत होती, "इकडे, इकडे, तिकडे भाजेल."

त्या दिवशी नात्यातल्यांनी आणि इष्टांनी बाळाच्या घरी ऑक्टोपस आणि माकूळ पाठवायचे. सकाळभर कुणी फिरकलं नाही. तिनं दार सताड उघडं ठेवलं होतं आणि मला त्या उघड्या दाराकडे बघवेना. मग दुपारी बित्तोकाकू आली, एवढा मोठा ऑक्टोपस घेऊन. म्हणाली, "माझ्या ओळखीतलं हे सगळ्यात दाढीवालं बाळ." तिच्यामागून काकू आली. मग पुजाऱ्याकडून माकूळ आले. मग सगळं गाव. आम्ही आठवडाभर दुसरं काही खाल्लं नाही.

सगळे गेल्यावर मावशीनं टोपल्या पाहिल्या आणि म्हणाली, "सगळ्यांचं आलं. भावाचं राहिलं."

भाऊ म्हणजे तू.

दहाव्या दिवशी नाव ठेवायचं असतं. गावात सगळ्यांना वाटत होतं की ती 'थेरॉन' ठेवणार. मलाही वाटत होतं. खरं तर दामोनलाही, आणि तो तयार होता. ती म्हणाली, "थेरॉन एकच होता आणि तो समुद्रात आहे. तो परत मिळावा म्हणून मी हे केलेलं नाही. याच्या आईनं याला दामोन म्हटलं, मी पण दामोनच म्हणते."

त्यानंतर तो बोलला. ऑलिव्हच्या झाडांखाली आम्ही तिघं होतो, तो काठीनं फांद्या झोडपत होता, आम्ही वेचत होतो. त्यानं काठी खाली ठेवली आणि सांगितलं. जहाज फुटल्यावर दोघंही एकाच फळीला धरून होते. अंधार पडेपर्यंत. मग थेरॉनची बोटं गारठून सुटली. तो हाताच्या अंतरावर होता. "एक हात सोडून त्याला धरता आलं असतं," दामोन म्हणाला. "मी फळी सोडली नाही. त्यानं मला हाक मारली. मी फळी सोडली नाही."

मला वाटलं आता पृथ्वी फाटेल. मावशीनं हातातली ऑलिव्हं टोपलीत टाकली.

"माझ्या मनात आलं होतं असं काहीतरी," ती म्हणाली.

"तरी तू...?"

"माफ केलंय असं समजू नकोस." तिचा आवाज अजिबात गोड नव्हता, स्त्रातोन. "माफ होईल की नाही मला ठाऊक नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी सांगेन, नाही झालं तर तसंच मरेन. तुला गार पडताना बघितलं म्हणून न्हाऊ घातलं. ते वेगळं आणि हे वेगळं." आणि मग, "उचल काठी. वरच्या फांद्या राहिल्यात."

त्यानं काठी उचलली. ती अख्खी दुपार आम्ही ऑलिव्हं वेचली. मी तिच्याकडे चोरून बघत होते. आपण लहान होतो तेव्हा जिच्या अंगणात बोरं चोरायचो ती हीच का, असं मनात येत होतं.

आता गंमत ऐक. सभेनं तिच्या नावाचा दगड कोरायचं ठरवलं आहे. सभेचा लेखनिक प्राक्सियास मजकूर लिहायला बसला आणि अडला. माझ्याकडे आला, माझे वडील आधीचे लेखनिक म्हणून. म्हणाला, "काय लिहू? नातलगाचं केलं म्हणावं तर नातं नाही. पाहुण्याचं म्हणावं तर तो पाहुणा नव्हता. नागरिकाचं म्हणावं तर त्याचं नाव आम्ही कमी केलं होतं. जिवंत माणसाचं म्हणावं तर नियमानं तो जिवंतही नव्हता. मित्राचं तर नाहीच नाही. मग उरलं काय?"

"माणूस," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला, आणि डोकं खाजवत बसला. मग त्याला एक शब्द आठवला. राजे लोकांच्या पत्रांत असतो, एखाद्या शहराचा कर माफ केला किंवा जिंकलेलं गाव जाळलं नाही की ते लिहितात. फिलान्थ्रोपेइन. माणसावर माया करणं, तो माणूस आहे एवढ्याच कारणानं. सभेत काहीजण कुरकुरले की राजाचं क्रियापद जाळी विणणारीला कसं लावायचं. पुजारी म्हणाला, "राजांनी कर सोडले. हिनं कफन फाडलं. शब्द हिलाच बसतो, राजांनी उसना घेतला होता."

मावशीला वाचून दाखवला. तिनं अर्थ विचारला, प्राक्सियासनं सांगितला. ती म्हणाली, "त्याला वेगळा शब्द लागतो?" आणि आत गेली.

नवा दगड आणायला गावाकडे काही नाही, तेव्हा दामोनच्या थडग्याचाच दगड उपटला, उलटा केला आणि पाठीवर कोरला. दामोननंच तो खांद्यावरून वाहून धक्क्यावर आणला. एका बाजूला 'समुद्रानं याची हाडं ठेवून घेतली', दुसऱ्या बाजूला ती. बित्तोकाकू त्यावर मासे वाळत घालते.

समुद्र उघडला की ही सगळी पत्रं एकदम येतील. वाचताना एक कर. तू आहेस एवढं कळव. मला नको लिहूस, माझ्यावरचा राग राहू दे. पण ती आत्तापासूनच रोज धक्क्यावर जाऊन बसते. जहाज नाही, शीड नाही, तरी बसते. 'जिवंतातला एक जातो' हे ती मानत नाही. आणि तरी बसते.

जप. खरंच जप.

जव कापून झाले, वाढत्या चंद्राची नववी

मिर्टोकडून स्त्रातोनला, अलेक्झांड्रियात.

वसंतातलं पहिलं जहाज आलं, तुझं काही नाही; पेटीतली सगळी पत्रं मी त्याच जहाजानं तुला धाडली. दुसरं आलं, तिसरं आलं. मावशी धक्क्यावरून घरी यायची आणि दामोनला जेवायला वाढायची. एकदाही तिनं त्याच्याकडे 'तुझ्यापायी' अशा नजरेनं पाहिलं नाही. मी पाहत होते, म्हणून सांगते. तो मात्र जेवेना. एके दिवशी म्हणाला, "मावशी, मी जातो इथून. मी गेलो तर कदाचित..." तिनं वाटी पुढे सरकवली. "जन्माला आलेलं पोर परत ठेवायची जागा मला माहीत नाही. जेव."

काल चौथं जहाज आलं. खलाशानं मेनिप्पे कोण म्हणून विचारलं आणि तिच्या हातात गवती दोरीनं बांधलेलं एक पुडकं ठेवलं. पत्र नाही, निरोप नाही. तिनं दोरी सोडली. आत सुकवलेला ऑक्टोपस होता.

आपल्या बेटावर, स्त्रातोन. इथं खडकाखडकाला ऑक्टोपस चिकटलेत, पोरं ते दगडावर आपटत बसतात, आणि तू समुद्रापलीकडून, मिसरातून, एक सुकलेला ऑक्टोपस पाठवलास.

खलाशी म्हणाला, "मी त्याला म्हटलं होतं, तिकडे हे कोण खातं. तर म्हणाला, घरात बाळ झालंय, भावाकडून जायला हवं."

ती बसली. त्या दगडावरच, माशांच्या मध्ये. पुडकं मांडीवर घेऊन ती किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. दामोन पलीकडे उभा होता. शेवटी तिनं त्याला जवळ बोलावलं आणि पुडकं दाखवलं. "भावाचं आलं," ती म्हणाली. तो तिच्या पायांशी बसला आणि त्यानं कपाळ तिच्या गुडघ्याला लावलं. तिनं त्याच्या केसांत हात घातला. असा हात तिनं त्याच्यावर वाळूवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ठेवला. माफ केलं का ते मी विचारलं नाही, आणि ती म्हणाली नाही.

आज तिनं ऑक्टोपस भिजवून चुलीवर भाजला. एक वाटा दामोनला. एक मला, "पुढचं मागचं काय ते तुमचं तुम्ही बघा," म्हणून. एक ती समुद्रात सोडून आली, थेरॉनचा. चिवट होता आणि खारट होता, त्याहून चांगलं काही मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

तुझा वाटा तिनं भिजवला नाही. दारावर, वाळलेल्या तोरणाशेजारी टांगून ठेवलाय. मी म्हटलं, "मावशी, तो येईपर्यंत टिकेल का?"

"टिकतो बराच," ती म्हणाली. "पण त्याला लिही, फार नाही."